न्यूफाउंडलंडखालचा तो ठिपका कोणत्या रंगात रंगवायचा?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. शाळेच्या भूगोल कक्षासाठी तुम्ही मुलांकडून उत्तर अमेरिकेचा भिंतीवरचा राजकीय नकाशा करून घेताय. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला सें-पिएर आणि मिकलाँ नावाचा बारीक ठिपका आहे. तुमच्याकडच्या एका नकाशात तो सरळ कॅनडाच्या रंगात आहे. दुसऱ्यात वेगळा रंग आहे आणि कंसात ‘फ्रान्स’ लिहिलंय. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यात तो राजधानी, क्षेत्रफळ आणि लोकसंख्येसह देशांच्या रांगेत बसलाय. मुलं विचारताहेत, हा देश आहे का, तिथे माणसं राहतात का, आणि सरकार कुणाचं?

मी बरीच वर्षं मराठी शालेय नकाशासंग्रहांच्या संपादनाचं काम करते, त्यामुळे असे ठिपके रोजचेच आहेत. रंगापुरतं उत्तर लगेच देते: राजकीय नकाशात फ्रान्सचा रंग, शेजारी ‘सें-पिएर आणि मिकलाँ (फ्रान्स)’ असं नाव, आणि देशांच्या तक्त्यात जागा नाही. पण मुलांचा प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. ‘हे कुणाचं?’ या एका प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. सार्वभौमत्व कुणाचं, कर कोण ठरवतं, पोलीस कुणाचे, आजूबाजूच्या समुद्रातला मासा कुणाचा? सें-पिएरच्या बाबतीत या प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं येतं. म्हणून अशा प्रदेशाची नोंद करताना झेंडा बाजूला ठेवून मी ‘कोणती गोष्ट कोण ठरवतं’ हे आधी लिहून काढते. रंग त्यानंतर.

नकाशा कशासाठी आहे यावरही बरंच अवलंबून आहे. राजकीय नकाशात हा प्रदेश फ्रान्सचा. युरोपीय संघाच्या नकाशात मात्र तो संघाच्या रंगात येत नाही, कारण फ्रान्सचा असूनही तो संघाबाहेर आहे. रीयुनियन, ग्वादलूप आणि फ्रेंच गयाना हे फ्रान्सचे सागरापारचे प्रदेश संघात आहेत, हा नाही. मासेमारीच्या नकाशात तर ठिपक्याला बाजूला सारून त्याच्या भोवतीचा समुद्रच महत्त्वाचा होतो.

आधी जागा नीट पाहू. तुमचा नकाशा समजा एकास दोन कोटी प्रमाणाचा आहे, म्हणजे 1 मिलिमीटरला 20 किलोमीटर. ही बेटं न्यूफाउंडलंडच्या ब्युरिन द्वीपकल्पापासून साधारण 20 ते 25 किलोमीटरवर आहेत. म्हणजे तुमच्या कागदावर दोन किनाऱ्यांमधलं अंतर मिलिमीटरभर. छपाईत रंग जरा सरकला की ठिपका न्यूफाउंडलंडला चिकटतो. काही नकाशांत तो कॅनडाच्या रंगात जाण्यामागे हे साधं कारण असावं असं मला वाटतं. पॅरिस इथून सुमारे 4,300 किलोमीटर दूर. म्हणून माझा आग्रह राहील की मुलांना कोपऱ्यात चौकट करून त्यात ही बेटं मोठी काढायला लावा. तिथे काढण्यासारखं खूप आहे.

एकूण क्षेत्रफळ सुमारे 242 चौरस किलोमीटर. त्यातलं सें-पिएर बेट जेमतेम 26 चौरस किलोमीटरचं, आणि तरी बहुतेक सगळी वस्ती त्यावरच, कारण जहाजांना आसरा देणारं बंदर तिथे आहे. उरलेला मोठा भाग म्हणजे मिकलाँ आणि लांग्लाद. ही मुळात दोन बेटं, पण अठराव्या शतकात त्यांच्यामध्ये वाळूचा बांध साचून ती जोडली गेली. हा बांध सुमारे 12 किलोमीटर लांब आणि अगदी अरुंद आहे, त्यामुळे जोडबेटाचा आकार लांबट कंबरेच्या डमरूसारखा दिसतो. जुन्या नकाशांत ही दोन बेटं सुटी दिसतात आणि नव्यांत एकत्र, तेव्हा त्या काळाचा नकाशा पाहून गोंधळू नका. धुक्यात हा सखल बांध खलाशांना दिसत नसे आणि जहाजं त्यावर आदळत. या वाळूत आणि भोवतालच्या खडकांवर शेकडो जहाजं फुटल्याच्या नोंदी आहेत. बांधाच्या उत्तर टोकाला ग्रां बाराश्वा नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, तिथे सील येऊन पहुडतात. सर्वांत उंच जागा मिकलाँवरच आहे, 240 मीटरची.

धुकं हा इथल्या भूगोलाचा मुख्य भाग समजा. उत्तरेकडून लॅब्राडोरचा थंड प्रवाह येतो, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचा उबदार, आणि दोघांची गाठ या परिसरात पडते. गार पाण्यावर दमट हवा आली की धुकं धरतं. जून-जुलैत, जेव्हा कॅपलीन नावाचे छोटे मासे अंडी घालायला किनाऱ्याला लागतात, तेव्हा ते सर्वांत दाट असतं, आणि बेटावरचे लोक त्या दिवसांना माशाच्याच नावाने ओळखतात. मात्र याच प्रवाहांमुळे आणि उथळ समुद्रतळामुळे शेजारच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रपट्ट्यावर कॉड मासा अफाट मिळत असे. जमिनीवर खडक, दलदल आणि खुरटी सूचिपर्णी झाडं. शेती जवळपास नाही. माणूस इथे आला आणि टिकला तो फक्त माशासाठी.

आता लोक. कायमची मूळ वसाहत युरोपीयांना इथे आढळली नाही, पण त्याआधी लोक येऊन गेल्याच्या खुणा सें-पिएरच्या उत्तर टोकाला उत्खननात सापडल्या आहेत. 1536 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए इथे थांबला होता. त्यानंतरची दोन-अडीचशे वर्षं बेटांच्या मालकीची ओढाताण चालली. 1713 च्या उट्रेक्टच्या तहाने ती ब्रिटनकडे गेली. 1763 मध्ये फ्रान्सने कॅनडातली आपली जवळजवळ सगळी भूमी गमावली, पण मच्छीमारांना आसरा म्हणून ही बेटं परत मिळवली. पुढे ब्रिटिशांनी ती पुन्हा घेतली, रहिवाशांना हाकललं, आणि 1816 मध्ये ती कायमची फ्रान्सकडे आली. मुलांना हे सांगताना मी एका गोष्टीवर थांबते. सत्तापालट झाला की इथली वस्ती उठत असे, घरं जाळली जात आणि लोकांना जहाजांत भरून पाठवलं जाई. त्यांत अकेडियन, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या फ्रेंचांची, कुटुंबं होती, ज्यांना ब्रिटिशांनी आधीच नोव्हा स्कोशियाच्या बाजूने हुसकावलं होतं. तहाच्या कलमात एका ओळीत बसणारी गोष्ट कुटुंबांच्या आयुष्यात काय करते, हे समजायला एवढी छोटी बेटं फार उपयोगी पडतात.

आजचे रहिवासी प्रामुख्याने बास्क, ब्रेतों, नॉर्मन आणि अकेडियन मच्छीमारांचे वंशज. बेटांच्या स्थानिक झेंड्यात ते दिसतं: निळ्यावर पिवळं जहाज, आणि काठीच्या बाजूला बास्क, ब्रेतान्य व नॉर्मंडीची तीन चिन्हं. हा झेंडा लोकप्रिय असला तरी अधिकृत झेंडा फ्रान्सचा तिरंगाच. तुमच्या तक्त्यात झेंड्याचा रकाना असेल तर हे लक्षात ठेवा. बास्क लोकांचा पेलोटा हा भिंतीवर चेंडू मारायचा खेळ सें-पिएरात आजही चालतो, त्याची 1906 मध्ये बांधलेली भिंत गावात उभी आहे. बोली मात्र क्वेबेकच्या फ्रेंचपेक्षा फ्रान्समधल्या फ्रेंचला जवळची. शेजार कॅनडाचा असूनही शिक्षक, अधिकारी आणि पोलीस फ्रान्समधून येत राहिले, मुलं उच्च शिक्षणाला बहुधा तिकडे गेली, त्यामुळे असं झालं असावं.

कॉडच्या धंद्याची रीत समजली की गावाचा आराखडा समजतो. सपाट बुडाच्या दोरी नावाच्या होड्यांतून मासे आणायचे, चिरायचे, मिठात घालायचे आणि किनाऱ्यावर दगड पसरून केलेल्या वाळवणीवर सुकवायचे. हे सुकवण्याचं काम ब्रेतान्यमधून हंगामापुरत्या आणलेल्या पोरसवदा मुलांकडून करवून घेतलं जाई, आणि ते फार कष्टाचं होतं. सें-पिएर बंदराच्या तोंडाशी इल-ओ-मारें नावाचं चिमुकलं बेट आहे. एके काळी तिथे मच्छीमारांची शेकडोंची वस्ती होती, शाळा होती, चर्च होतं. आता तिथे कायमचं कुणी राहत नाही. इमारती जपून ठेवल्या आहेत आणि उन्हाळ्यात लोक जातात. चौकटीतल्या नकाशात हे बेट नक्की काढा, पण वस्तीचा ठिपका देऊ नका.

1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा बेटांचं नशीब काही वर्षं अगदी वेगळ्या दिशेला गेलं. इथली जमीन फ्रेंच, म्हणजे अमेरिकेचा कायदा लागू नाही. कॅनडाची व्हिस्की आणि युरोपची मद्यं इथे कायदेशीरपणे उतरत आणि इथून जहाजांनी अमेरिकेच्या किनाऱ्याकडे चोरून जात. मासळीची गोदामं दारूने भरली, मच्छीमार हमाल झाले. व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्यांनी घरं बांधली गेली. बंदी उठली आणि हा पैसा एका झटक्यात आटला. तेवढ्यात मासेमारीची सवय मोडली होती, त्यामुळे पुढची वर्षं बिकट गेली. ‘हे कुणाचं?’ या प्रश्नाचं उत्तर किती व्यावहारिक असू शकतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत पोचला. 1940 मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर इथला कारभार व्हिशी सरकारशी, म्हणजे जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारशी, निष्ठा ठेवून होता. 24 डिसेंबर 1941 ला मुक्त फ्रान्सचे, म्हणजे जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या जनरल द गॉल यांच्या गटाचे, अॅडमिरल म्युझलिए यांनी तीन युद्धनौका आणि एक पाणबुडी घेऊन येऊन गोळी न झाडता बेटं ताब्यात घेतली, आणि लगेच मतदान घेतलं. प्रचंड बहुमत द गॉल यांच्या बाजूने पडलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल भयंकर चिडले, कारण त्यांचे व्हिशीशी संबंध होते आणि त्यांना न विचारता हे घडलं होतं. काही हजार मच्छीमारांच्या बेटाने मित्रराष्ट्रांत खडाजंगी घडवली. युद्धकाळाच्या नकाशावर काम करत असाल तर 1940-41 साठी वेगळी खूण करावी लागेल.

आता सरकार, म्हणजे तुमच्या मुलांचा मुख्य प्रश्न. बेटं आधी वसाहत होती. 1946 मध्ये ती ‘सागरापारचा प्रदेश’ झाली. 1976 मध्ये त्यांना पूर्ण विभागाचा, म्हणजे फ्रान्समधल्या कुठल्याही जिल्ह्याच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. वरवर ही बढती होती, पण बेटावर ती पटली नाही. विभाग झाल्यावर युरोपीय समुदायाचे (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वावतार) जकातीचे नियम लागू होऊ लागले, आणि बेटाची बरीच खरेदी तर शेजारच्या कॅनडातून होते. रोजच्या भाजीपाल्यावरही पॅरिस-ब्रसेल्सचे दर कसे चालतील? कॅनडाशी समुद्राच्या हद्दीवरून वाद चालू असताना युरोपच्या सामाईक मासेमारी धोरणाची गाठही नको होती. शेवटी 11 जून 1985 च्या कायद्याने बेटांना खास दर्जा दिला गेला. 2003 च्या घटनादुरुस्तीनंतर ती ‘सागरापारची सामूहिक संस्था’ या गटात आली, आणि 2007 च्या कायद्याने आजची रचना ठरली. म्हणून जुन्या पुस्तकात ‘फ्रान्सचा विभाग’ असं सापडलं तर ते 1976 ते 1985 मधलं समजा.

आजची रचना अशी. 19 सदस्यांची निवडून आलेली प्रादेशिक परिषद आहे, त्यात 15 जण सें-पिएरचे आणि 4 मिकलाँ-लांग्लादचे. मुदत सहा वर्षं. सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात. कर, जकात, नगररचना आणि घरबांधणी हे विषय याच परिषदेकडे आहेत, त्यामुळे फ्रान्सच्या कररचनेपेक्षा इथली वेगळी आहे. दुसरीकडे पॅरिसने नेमलेला प्रिफेक्ट असतो. सुरक्षा, सरकारी खात्यांचं काम आणि निर्णय कायद्याला धरून आहेत का हे पाहणं त्याच्याकडे. चलन युरो, नागरिकत्व फ्रेंच. बहुतेक राष्ट्रीय कायदे इथे आपोआप लागू होतात, वगळलेले विषय तेवढे सोडून. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत इथून एक प्रतिनिधी जातो आणि सिनेटमध्ये एक. खाली दोन नगरपालिका आहेत, सें-पिएर आणि मिकलाँ-लांग्लाद, प्रत्येकीला महापौर.

मुलांना नेमलेला प्रशासक आणि एकच खासदार ही कल्पना लक्षद्वीपवरून चटकन समजते. पण तुलना तिथेच थांबवा. लक्षद्वीपकडे स्वतःची जकात ठरवण्याचा अधिकार नाही, सें-पिएरकडे आहे. आणि लोकसंख्या पाहा: सगळी मिळून 6 हजारांच्या आत, त्यातले मिकलाँ गावात काहीशे. एवढ्या लोकांमागे परिषद, दोन महापौर, प्रतिनिधी, सिनेटर, न्यायालय, इस्पितळ! काही जण याला उधळपट्टी म्हणतात. मला तसं वाटत नाही. मुख्य भूमी 4,300 किलोमीटर दूर असताना नागरिकाला आपलं म्हणणं मांडायला दार हवं, आणि इथली एक व्यक्ती, आनिक जिरार्दँ, इथून राष्ट्रीय सभेत निवडून जाऊन पुढे फ्रान्सच्या सागरापार प्रदेशांच्या आणि नंतर समुद्रखात्याच्या मंत्री झाल्या. हे दार नुसतं कागदावरचं नाही.

राहिला समुद्र, आणि माझ्या मते हा भाग सर्वांत महत्त्वाचा. 1970 च्या दशकात देशांनी 200 सागरी मैलांचे हक्क सांगायला सुरुवात केली. कॅनडा म्हणे, कॅनडाच्या कुशीतल्या बेटांना एवढा समुद्र देता येणार नाही. फ्रान्स म्हणे, बेट ते बेट, हक्क पूर्ण. न्यूफाउंडलंड आणि बेटांमधल्या सामुद्रधुनीतली रेषा 1972 मध्येच ठरली होती, पण बाकीचा वाद चिघळला. 1988 मध्ये कॅनडाने एक फ्रेंच ट्रॉलर (मोठं जाळं ओढत मासे पकडणारं जहाज) पकडला, त्यावर मच्छीमारांसोबत बेटाचे लोकप्रतिनिधीही होते. अखेर प्रकरण लवादाकडे गेलं. 10 जून 1992 च्या निवाड्याने फ्रान्सला बेटांच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला 24 सागरी मैलांपर्यंतचा पट्टा आणि दक्षिणेकडे 10.5 सागरी मैल रुंदीची, 200 मैलांच्या मर्यादेपर्यंत जाणारी चिंचोळी पट्टी दिली. एकूण सुमारे 12,400 चौरस किलोमीटर, आणि चहूबाजूंनी कॅनडाचं पाणी. भिंतीवरच्या नकाशात सागरी हद्दी दाखवणार असाल तर ही पट्टी काढाच. मुलांना ती पाहून जे प्रश्न पडतील त्यांतून एक पूर्ण तास निघेल.

निवाड्याला महिना होण्याआधीच, 2 जुलै 1992 ला, कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या उत्तरेकडच्या कॉडवर बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी ती सें-पिएरच्या भोवतालच्या पाण्यापर्यंत आली. अनेक दशकांच्या बेसुमार ट्रॉलिंगने मासाच संपत आला होता. हद्द मिळाली, पण तिच्यातलं धन गेलं. बेटाच्या मासळी कारखान्यांना आणि कुटुंबांना हा धक्का आजही पूर्ण पचलेला नाही, आणि अर्थव्यवस्था सरकारी नोकऱ्या व पॅरिसहून येणाऱ्या पैशावर टेकली. 1994 च्या कराराने या भागातल्या कॉडच्या कोट्यातला 15.6 टक्के वाटा फ्रान्सचा ठरला आहे, पण वाटा कितीही ठरला तरी तो उरलेल्या माशाचा.

नकाशासाठी आणखी दोन गोष्टी. वेळेचे पट्टे दाखवणार असाल तर बेटांची घड्याळं न्यूफाउंडलंडच्या अर्धा तास पुढे आहेत. इतक्या जवळच्या दोन किनाऱ्यांत अर्ध्या तासाचा फरक मुलांना सहसा खरा वाटत नाही. आणि पालकांपैकी कुणी ‘शेंगेन व्हिसावर तिथे जाता येईल का’ असं विचारलं तर सांगा की बेटं शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत, नियम वेगळे आहेत, निघण्याआधी फ्रान्सच्या व्हिसा कार्यालयातून खात्री करून घ्यावी.

शेवटी मिकलाँ गावाबद्दल. ते समुद्रापासून फार तर दोनेक मीटर उंचीवरच्या सखल पट्टीत वसलंय, आणि वादळी लाटा व वाढती समुद्रपातळी यांमुळे गाव उंचावर हलवण्याचं काम हाती घेतलं गेलंय. तुमच्या प्रमाणात ठिपका हलणार नाही, पण चौकटीतल्या मोठ्या नकाशात पुढच्या काही वर्षांत तो हलवावा लागेल. म्हणून त्या चौकटीच्या खाली ‘माहिती अमुक वर्षाची’ असं बारीक अक्षरांत लिहा. लोकसंख्येचा आकडा फ्रान्सची सांख्यिकी संस्था जाहीर करते, तोच घ्या आणि त्याचंही वर्ष शेजारी द्या. मिकलाँचा ठिपका मुलांना पेन्सिलने काढू द्या, शाई नंतर.